गारपिटीत छताचं नुकसान झालं तर विम्याचा क्लेम कसा करावा? आधी दुरुस्ती की आधी कंपनी?

तुम्ही विचारलंय की गारांनी छत फुटलंय, आतल्या खोलीत पाणी गळतंय, घराचा विमा आहे. मग छत लगेच दुरुस्त करून घ्यावं की कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावं? आणि "छत जुनंच होतं" म्हणून क्लेम नाकारतील का? मी सर्व्हेअर आहे, मालमत्तेच्या नुकसानीची पाहणी करतो आणि गारपिटीनंतरची छतं हे माझं नेहमीचं काम आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाणी थांबवा, पण छत बदलू नका. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाची जबाबदारी असते, असं जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत लिहिलेलं असतं. ताडपत्री घाला, फुटलेल्या जागी तात्पुरतं काहीतरी ठोका, भिजणारं सामान हलवा. त्याचा वाजवी खर्च सहसा क्लेममध्ये धरता येतो, म्हणून साधी पावतीही जपून ठेवा. मात्र ताडपत्री टाकण्याआधी फोटो काढा आणि फुटलेले तुकडे फेकू नका. कंपनीला आजच कळवा, फोनवर बोललात तरी मागाहून लेखी पाठवा आणि क्लेम नंबर घ्या. पॉलिसीत "तात्काळ" किंवा ठरावीक मुदतीत कळवण्याची अट असते. उशीर झाला की मधल्या काळात काय काय झालं हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

आता पुराव्याकडे वळतो, कारण क्लेम इथेच जिंकला किंवा हरला जातो. माझ्यासारखा माणूस येतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हे नुकसान त्या दिवसाच्या गारांचं की वयाचं? छत स्वतःहून त्याचं उत्तर नीट देत नाही. उत्तर देतात आजूबाजूच्या मऊ धातूच्या वस्तू. पावसाच्या पाण्याची पन्हळ, खाली उतरणारा पाइप, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पट्ट्या, खिडकीची जाळी, गाडीचं बॉनेट. या सगळ्यांचे फोटो काढा. धूळ किंवा शेवाळ बसलेल्या पृष्ठभागावर गार आपटली की तेवढी जागा स्वच्छ होऊन गोल ठिपका उरतो. काही दिवसांच्या उन्हापावसात तो जातो, म्हणून तो आधी टिपा. गारा अजून शिल्लक असतील तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. दोनचार पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या तर उत्तमच. तारीख, वेळ आणि त्या भागात गारपीट झाल्याची हवामान खात्याची नोंद किंवा बातमी जोडा.

गारेच्या आकारावर मी एवढा भर का देतो, तेही सांगतो. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, आणि मोठी गार पडतेही जास्त वेगाने. दोन्ही मिळून आघाताची ऊर्जा साधारण सोळापट होते. अमेरिकेच्या हवामान खात्याने २०१० मध्ये "तीव्र" गारपिटीची मर्यादा पाऊण इंचावरून एक इंचावर नेली. कारण खरं नुकसान साधारण त्या आकारापासून सुरू होतं, असं आढळलं होतं. म्हणजे "मोठ्या गारा होत्या" असं लिहिण्यापेक्षा "तीन सेंटिमीटरच्या होत्या, हा फोटो" हे वाक्य क्लेमला कितीतरी वजन देतं.

छतावर मी काय बघतो? गारेचे घाव विखुरलेले असतात, त्यांची रांग नसते, आणि वारा ज्या बाजूने आला तो उतार जास्त मार खातो. कौल बहुधा कडेला फुटतं. ताज्या फुटीचा रंग आतून स्वच्छ असतो. फुटीच्या फटीत माती किंवा शेवाळ बसलेलं असेल तर ती जुनी. सिमेंटच्या पत्र्याला वरून काही दिसत नाही, पण खालून पाहिलं तर एका बिंदूतून निघालेल्या चिरा दिसतात. डांबरी शिंगलवर (वर बारीक खडे चिकटवलेले डांबरी छताचे चपटे तुकडे) वरचे खडे उडून काळा डाग पडतो आणि बोटाने दाबलं तर ती जागा मार लागलेल्या फळासारखी मऊ लागते. धातूच्या पत्र्याला मात्र नुसता पोचा पडला असेल, पाणी येत नसेल, तर पॉलिसीत "केवळ दिसण्यातलं नुकसान" वगळलेलं आहे का ते बघा. हे कलम पुष्कळांना क्लेमच्या वेळीच पहिल्यांदा दिसतं.

एका घरी मी गेलो तेव्हा मालकीणबाई रडकुंडीला आल्या होत्या. छत वीसेक वर्षांचं होतं, ठिकठिकाणी झिजलेलं, आणि आधीच्या पाहणीत "जीर्ण" एवढाच शेरा पडला होता. मी आढ्यावरच्या धातूच्या पट्टीवर खडू आडवा धरून घासला. खडू उंचवट्यांवर लागला आणि खळगे तसेच कोरे राहिले. साध्या डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या त्या पट्टीवर गोल खळग्यांची नक्षी उमटली. खालच्या उतारावरचे ताजे घाव तेवढ्याच आकाराचे होते. छत जुनं होतं हे खरं, पण त्या दिवशी त्याला गारांनी फोडलं हेही तितकंच खरं होतं. जुनं असणं आणि नुकसान न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्या बाबतीत कोणी विसरलं तर त्याला न घाबरता सांगा. आणि पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहा. फक्त ओल्या छतावर चढू नका. माझ्या मते कुठलाही क्लेम त्या धोक्याच्या लायकीचा नाही. शिडीवरून किंवा ड्रोनने फोटो चालतात.

वयाचा परिणाम रकमेवर मात्र होतो. पॉलिसी "नव्या बदलीच्या खर्चाची" आहे की "सध्याच्या मूल्याची", हे आधी पाहा. दुसऱ्या प्रकारात वीस वर्षं टिकणारं छत दहा वर्षं वापरलेलं असेल तर घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) म्हणून साधारण निम्मी रक्कम कापली जाऊ शकते. पहिल्या प्रकारात काही कंपन्या आधी घसारा वजा करून पैसे देतात आणि काम पूर्ण झाल्याची बिलं दिल्यावर उरलेले. ती बिलं मुदतीत दिली नाहीत तर हक्काचा पैसा जातो. नुकसानीचा सुरुवातीचा काही हिस्साही तुम्हीच सोसायचा असतो, आणि तो कधी ठरावीक रक्कम असतो तर कधी विमा रकमेची टक्केवारी. तिसरी गोष्ट अपुऱ्या विम्याची. घर १०० रुपयांचं आणि विमा ६० चा असेल, तर ज्या पॉलिसीत सरासरीचं कलम आहे तिथे १० रुपयांच्या नुकसानीचे ६ च मिळतात.

गारपिटीनंतर दारात येणाऱ्या ठेकेदारांपासून सावध राहा. "तुमच्या हिश्श्याचे पैसे आम्ही माफ करतो, बिल वाढवून लावू" असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या बिलावर सही तुमची असते आणि पूर्ण क्लेम रद्द होऊ शकतो. क्लेमचे हक्क ठेकेदाराच्या नावावर करणाऱ्या कागदावर घाईत सही करू नका. घाई होणार हे मी समजू शकतो. १४ एप्रिल १९९९ ला सिडनीत गारपीट झाली, तेव्हा विम्याचं नुकसान १.७ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर धरलं गेलं आणि छतं दुरुस्त करायला माणसं कमी पडली. मोठ्या गारपिटीनंतर हे होतंच. म्हणून ताडपत्री घट्ट आणि नीट बांधून घ्या, दोनतीन लेखी अंदाजपत्रकं मागवा, आणि त्यांत कुठल्या भागाचं किती क्षेत्रफळ आणि कुठलं साहित्य हे सुटं सुटं लिहून घ्या. नुसती "छत दुरुस्ती, एकूण" अशी ओळ मला पाहणीत काहीच सांगत नाही.

क्लेम नाकारला किंवा रक्कम फार कमी आली तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. पाहणी अहवालाची प्रत मागा, तुमच्या फोटोंसकट फेरपाहणीचा अर्ज करा. त्यानेही झालं नाही तर कंपनीचा तक्रार विभाग, आणि त्यानंतर विमा लोकपाल किंवा तुमच्याकडची तशी यंत्रणा. प्रत्येक पायरीला मुदत असते, ती तारीख लिहून ठेवा.

काम सुरू झाल्यावर छत उघडलं आणि खालची फळी भिजून कुजलेली निघाली, तर तिथेच काम थांबवा, फोटो काढा, आणि त्याच क्लेम नंबरवर कंपनीला पुन्हा कळवा. झाकलेलं नुकसान नंतर सापडलं म्हणून ते बाद होत नाही, पण फळी बदलून टाकल्यावर ते दाखवायला काही उरत नाही.