बॅटरी स्टोरेजच्या कंटेनरमध्ये गॅस-सप्रेशन (गॅस सोडून आग विझवणारी यंत्रणा) बसवलं की आगीची काळजी मिटली का?

नाही. तो गॅस ज्वाळा विझवतो, सेलमधली थर्मल रनअवे (सेल आपोआप तापत जाऊन शेजारच्या सेललाही पेटवण्याची साखळी) थांबवत नाही. सेल हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात आणि बंद कंटेनरमध्ये ते साचतात. अ‍ॅरिझोनातल्या सरप्राइज इथे 19 एप्रिल 2019 ला हेच झालं: सप्रेशन सुटलं होतं, पण काही तासांनी दार उघडल्यावर स्फोट झाला, चार अग्निशमन जवान गंभीर जखमी.

म्हणून हे ज्वलनशील वायू ओळखणाऱ्या डिटेक्टरवर चालू होणारा एक्झॉस्ट पंखा हवा, तोही वेगळ्या बॅकअप विजेवर. वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या (हवेतलं ज्या प्रमाणापासून तो पेटू शकतो) 25 टक्क्यांखाली राहिला पाहिजे. (पंखा सप्रेशनचा गॅसही बाहेर फेकतो, दोन्ही एकत्र डिझाइन करा.) किंवा छताला डिफ्लॅग्रेशन पॅनेल (स्फोट झाल्यास उघडून दाब वर सोडणारं). ज्वलनशील वायूचं रीडिंग कुंपणाबाहेर दिसलंच पाहिजे, नाहीतर जवान अंदाजानेच दार उघडणार. पाणी मुख्यतः शेजारचे कंटेनर थंड ठेवायला.