इंग्रजी स्पेलिंग आणि अनेकवचने यांना खरोखरच नियम नाहीत का?

आपण विचारले आहे की, ‘फूट’चे अनेकवचन ‘फीट’ होते तर ‘बूट’चे ‘बीट’ का होत नाही, हे सहावीतल्या मुलाला कसे समजावून सांगावे, आणि इंग्रजीला नियमच नसतील तर घोकंपट्टीखेरीज दुसरा काही मार्ग आहे का. यातले ‘नियमच नसतील तर’ हे गृहीतक मला मान्य नाही. गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवीत होते, तेव्हा हेच वाक्य शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षे ऐकले आणि त्यामुळे मुलांचे काय नुकसान होते तेही पाहिले, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी ‘फूट’ आणि ‘बूट’. इंग्रजी आणि जर्मन या भाषा ज्या प्राचीन भाषेतून निघाल्या, तिच्यात ‘फूट’च्या अनेकवचनाच्या शेवटी ‘इ’ हा स्वर होता. पुढे येणाऱ्या ‘इ’च्या ओढीने आधीचा ‘ओ’ बदलून ‘ए’ झाला, कालांतराने तो शेवटचा ‘इ’ गळून पडला, पण त्याने घडवलेला बदल मात्र शब्दात कायम राहिला, आणि तोच आजच्या ‘फीट’मध्ये आपल्याला ऐकू येतो. ‘टूथ’चे ‘टीथ’, ‘गूज’चे ‘गीज’, ‘माउस’चे ‘माइस’ आणि ‘मॅन’चे ‘मेन’ याच रीतीने झाले. ‘बूट’ हा शब्द फ्रेंचमधून आला, तोवर हा बदल घडून कित्येक शतके लोटली होती, त्यामुळे त्याला साधा ‘एस’ लागला. ‘बुक’ या शब्दाचेही जुन्या इंग्रजीत स्वर बदलून अनेकवचन होत असे; पुढे ते मागे पडून ‘बुक्स’ रूढ झाले.

हे शब्द आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. ‘गूज’ आणि आपला ‘हंस’, ‘माउस’ आणि ‘मूषक’, ‘टूथ’ आणि ‘दंत’, ‘फूट’ आणि ‘पाद’ हे एकाच प्राचीन मुळाचे शब्द आहेत. ‘ऑक्स’चे ‘ऑक्सन’ होते त्याचे मूळ संस्कृत ‘उक्षन्’ या बैलवाचक शब्दातील ‘न्’शी जाऊन भिडते. माझ्या वर्गात मी ‘हंस’ आणि ‘गूज’ फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत असे, आणि त्यानंतर ‘गीज’ हे रूप विसरलेला विद्यार्थी मला आठवत नाही. अशी जुनी रूपे शरीर, घर आणि गोठा यांच्याशी संबंधित शब्दांतच टिकली, कारण जे शब्द दिवसभर तोंडात असतात ते लोक मोडू देत नाहीत. मराठीतही ‘बस’चे ‘बसला’ होते, परंतु ‘जा’चे ‘गेला’ आणि ‘ये’चे ‘आला’ होते, त्यामागचे कारण हेच आहे.

स्पेलिंगचेही तसेच. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दाच्या आरंभीचा ‘के’ आणि मधले ‘जी-एच’ एकेकाळी स्पष्ट उच्चारले जात होते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले. पण साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक सरकत होते आणि काही व्यंजने मुकी होत होती. उच्चार पुढे गेला, लेखन मागे राहिले. ‘टफ’, ‘थ्रू’, ‘दो’ (जरी) आणि ‘बाउ’ (फांदी) या चारही शब्दांच्या शेवटी ‘ओ-यू-जी-एच’ येते, कारण तिथला ‘ख’सारखा घशातला ध्वनी नाहीसा होताना प्रत्येक शब्दात वेगळ्या वाटेने गेला. काही ठिकाणी मात्र पंडितांनी जाणूनबुजून भर घातली आहे. ‘डेट’ म्हणजे कर्ज, यातला ‘बी’ कोणी कधीच उच्चारला नव्हता. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचे लॅटिन मूळ दिसावे म्हणून तो मागाहून बसवला गेला. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर गैरसमजातून शिरला, कारण त्या अस्सल इंग्रजी शब्दाचा फ्रेंच ‘आइल’शी काही संबंध नव्हता.

आता ज्या प्रसंगामुळे हा विषय मला जिव्हारी लागतो तो सांगते. आठवीच्या परीक्षेत मुलांना आपल्या परिसराविषयी निबंध लिहायचा होता. मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या, वर्गात फारसे न बोलणाऱ्या एका मुलीने आपल्या घरच्या कुळागराविषयी, म्हणजे पोफळीच्या बागेविषयी, लिहिले होते: पोफळींना शिंपणे करताना पाटाचे पाणी कसे वळवतात, मिरीचे वेल कसे चढतात, आणि संध्याकाळी बांधावरून दोन मुंगसे कशी पळत जातात. तिने ‘मॉन्गूस’चे अनेकवचन ‘मॉन्गूसेस’ असे केले होते. त्या उत्तरपत्रिका आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे तपासायला होत्या. त्यांनी ते रूप लाल शाईने खोडून वर ‘मॉन्गीस’ असे लिहिले, गुण कापला, आणि उत्तरपत्रिका परत देताना भर वर्गात तिला उभे करून सांगितले की, मराठी शाळेतून आलेल्यांना ‘गूज’चे ‘गीज’ होते एवढेही येत नाही. गोव्यात प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावरून किती वर्षे भांडणे चालली आहेत हे आपण जाणताच. त्या वाक्याची धार त्या मुलीला किती लागली असेल याची आपण कल्पना करू शकाल.

ती उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली आणि तिने एवढेच विचारले, “टीचर, मग बरोबर काय?” मी ग्रंथालयातून मोठा शब्दकोश काढला आणि तो घेऊन सरांकडे गेले. शब्दकोशात अनेकवचन ‘मॉन्गूसेस’ असेच होते, आणि त्याखाली शब्दाची व्युत्पत्तीही दिली होती: हा शब्द मराठीतील ‘मुंगूस’वरून इंग्रजीत गेला. सतराव्या शतकात भारतात आलेल्या इंग्रजांनी तो उचलला आणि ऐकलेल्या शेवटच्या अक्षरांना आपल्या ओळखीच्या ‘गूज’चे स्पेलिंग दिले. त्या शब्दाचा हंसाशी काहीही संबंध नाही, म्हणून ‘गीज’च्या जुन्या स्वरबदलाशीही नाही. मी सरांना म्हटले, “सर, हा आपल्याच घरचा शब्द आहे आणि मुलीने तो बरोबर चालवला आहे.” त्यावर त्यांचे उत्तर असे होते की, इंग्रजीला नियम नाहीत, घोकले ते आले, आणि शब्दकोश उघडून गुण देत बसलो तर निकाल कधीच लागणार नाही. गुण वाढला नाही. मुख्याध्यापकांनीही एका गुणासाठी वाद नको म्हणून विषय मिटवला.

त्यांच्या बोलण्यातील विसंगती मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. इंग्रजीला नियम नाहीत असे म्हणणाऱ्या माणसानेच एक नियम नको त्या शब्दाला लावला होता, आणि तो लावला याचे कारण नियम कुठून आला हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. ज्या मुलीने नेहमीची रीत पाळून अनोळखी शब्दाला ‘एस’ लावला, तिला मात्र शिक्षा झाली. त्यानंतर तिने निबंधात धोका पत्करणे सोडले. ज्या शब्दाचे अनेकवचन ठाऊक नसेल तो ती एकवचनात लिही किंवा गाळून टाकी. कुळागरावर पानभर लिहिणारी मुलगी वर्षअखेर चार सुरक्षित वाक्यांवर थांबू लागली. गुणापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे होते, आणि ते ‘नियमच नाहीत’ या शिकवणुकीने केले.

मराठी माध्यमाच्या मुलांना हे जमत नाही, या म्हणण्यालाही आधार नाही. मराठी जशी बोलतो तशीच लिहितो हा आपला समज आहे, पण ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ एकसारखा लिहूनही आपण वेगळा उच्चारतो. आपल्या अनेकवचनांचेही तेच. ‘भिंत’चे ‘भिंती’ होते, ‘वीट’चे मात्र ‘विटा’ होते. ‘लाडू’ जसाच्या तसा राहतो आणि ‘लिंबू’चे ‘लिंबे’ होते. जी मुले हे सारे शाळेत जाण्यापूर्वीच सांभाळतात, त्यांना ‘वुल्फ’चे ‘वुल्व्ह्स’ जड जाऊ नये. गोव्यातल्या मुलांजवळ तर आणखी एक साधन आहे. आपल्या गावांच्या पाट्या रोमन लिपीत पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेल्या आहेत: केपेचे स्पेलिंग ‘क्यू-यू’ने सुरू होते, कारण पोर्तुगीजमध्ये ‘ई’पूर्वी ‘क’ तसाच लिहितात, पेडणेच्या शेवटी ‘एम’ आहे, कारण तो तिथे अनुनासिक दाखवतो, आणि ‘ड’ हा ध्वनी पोर्तुगीजमध्ये नसल्यामुळे त्याच्या जागी ‘आर’ आला. बसच्या पाटीवर ‘पर्नेम’ असे दिसणारे नाव गोव्यातले मूल ‘पेडणे’ असेच वाचते आणि त्यात त्याला काही विचित्र वाटत नाही. प्रत्येक स्पेलिंग कुठल्या तरी भाषेच्या नियमाने लिहिलेले असते, हे त्याला पाटी दाखवूनच शिकवता येते, आणि मी तसेच शिकवीत असे.

आपल्या मुलासाठी माझा सल्ला असा की, अनेकवचनांची सरमिसळ यादी त्याला देऊ नये. कुळाप्रमाणे गट करावेत. स्वर बदलणारे जुने शब्द एका गटात. ‘चाइल्ड’ आणि ‘ऑक्स’ वेगळे. ‘चिल्ड्रन’मध्ये तर अनेकवचनाचे दोन प्रत्यय एकावर एक चढले आहेत. ‘एफ’चा ‘व्ही’ होणारे तिसऱ्या गटात, कारण जुन्या इंग्रजीत दोन स्वरांमधला ‘फ’ हा ‘व्ह’ असाच उच्चारत. ‘चीफ’ हा फ्रेंच पाहुणा असल्यामुळे तो या गटात येत नाही. ‘क्रायटेरियन’चे ‘क्रायटेरिया’ आणि ‘फेनॉमेनन’चे ‘फेनॉमेना’ ही ग्रीक रूपे सर्वांत शेवटी. नवा, अनोळखी शब्द आला की आधी ‘एस’ किंवा ‘ई-एस’ लावावा आणि मग शब्दकोश पाहावा.

याने सगळे सुटेल असे मात्र मी म्हणणार नाही. ‘पोटॅटो’ला ‘ई-एस’ आणि ‘फोटो’ला नुसता ‘एस’ का, ‘रूफ’ अस्सल इंग्रजी असूनही त्याचे प्रमाण रूप ‘रूफ्स’च का, अशा ठिकाणी थोडे पाठ करावेच लागते, आणि ‘मँगो’ची तर दोन्ही रूपे चालतात. आपला मुलगा मराठी वाचतानाही अक्षरे उलटसुलट करीत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा इतिहास सांगत न बसता तज्ज्ञाला दाखवावे.

परंतु मुलाने रीत पाळून लिहिलेले रूप कोणी खोडले, तर गप्प बसू नये. शब्दकोश घेऊन शाळेत जावे, शिक्षकांना आदराने पान दाखवावे आणि गुण मागून घ्यावा. एका गुणासाठी वाद कशाला असे म्हणणारे भेटतीलच. त्यांना सांगावे की, वाद गुणाचा नसून मूल पुढचा निबंध किती लांब लिहील याचा आहे.