सिलेक्शन तर झालं, आता कॅम्पस बघायला जाऊ काय?

प्रश्न : ताई नमस्कार, मी खानापूर तालुक्यातली. एमएस्सी केमिस्ट्री बेळगावात केली, नेट-जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) निघालं आणि आता पीएचडीला दोन ठिकाणी सिलेक्शन झालंय, बेंगळूरला आयआयएससी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) आणि मुंबईला आयआयटी. इंटरव्ह्यू दोन्हीकडचे ऑनलाइनच झाले त्यामुळे एकही कॅम्पस डोळ्यांनी बघितलेला नाही. फी भरायला अजून थोडे दिवस आहेत तर एकदा जाऊन यावं वाटतंय, पण पप्पा म्हणतात सिलेक्शन झालंय तर आता काय स्थळ बघायला चाललीस काय. आणि गेले तरी तिथं बोलायचं काय? आई म्हणते सरांना आपली बेळगावची मिठाई, कुंदा, घेऊन जा, खरंच न्यायचा काय? अजून एक, निपाणीचा माझा मावसभाऊ अमेरिकेला अप्लाय करणार आहे, तो म्हणतो तिकडं युनिव्हर्सिटीच खर्च करून कॅम्पस बघायला बोलावते. खरं हाय काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पप्पांना सांग, व्हय, स्थळच बघायला चाललेय. पाच वर्षं म्हणजे काय थोडी झाली? आणि स्थळ बघताना आपण नुसता बंगला बघून येत नाही, शेजारपाजारी चौकशी करतो, तीच इथं करायची. आयआयएससीची ती टॉवरची बिल्डिंग, पवईचा तलाव, हे सगळं फोटोत बघून झालंय तुझं, त्यासाठी तिकीट काढायची गरज नाही. जायचं ते लॅबमधल्या पोरापोरींना भेटायला.

आपल्याकडं ‘सिलेक्शन झालं, आता बघायला या’ असं बोलावणं सहसा कुणी धाडत नाही, आपणच मेल टाकायचा. चार ओळी पुरेत, मी अमुक, सिलेक्शन झालंय, अमुक तारखेला येतेय, अर्धा तास भेटाल काय आणि तुमच्या लॅबमधल्या विद्यार्थ्यांशी बोलले तर चालेल काय. दोन-तीन सरांना वेगवेगळा मेल टाक, एकच मेल सगळ्यांना ढकलू नको, ते लगेच कळतं. उत्तर आलं की त्याची प्रिंट आणि आधार कार्ड पर्समध्ये ठेव, गेटवर विचारतात. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेळगावातून संध्याकाळी बसलीस की सकाळी बेंगळूर, यशवंतपूरला उतरलीस तर कॅम्पस जवळच, आणि रिक्षावाल्याला आयआयएससी कळलं नाही तर ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हण, तिथली जुनी माणसं अजून त्याच नावानं ओळखतात. १९०९ मध्ये जमशेटजी टाटांच्या कल्पनेतूनच ती संस्था उभी राहिली ना. मुंबईला रात्रीची ट्रॅव्हल्स हाय की, आयआयटीला कांजूरमार्ग स्टेशन जवळ पडतं.

जायच्या आधी घरी बसून एक काम कर. त्या सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे थिसिस, म्हणजे पीएचडीचे प्रबंध, ऑनलाइन मिळतात, बऱ्याच विद्यापीठांचे ‘शोधगंगा’ या वेबसाइटवर असतात आणि या मोठ्या संस्थांच्या लायब्ररीचं आपापलं भांडार असतं. थिसिस सगळा वाचू नको, सुरुवातीचं आभाराचं पान तेवढं वाच. कुणी गाईडबद्दल मनापासून पानभर लिहिलेलं असतं, कुणी एका ओळीत उरकलेलं असतं, दोन-चार थिसिसमध्ये तीच एक ओळ दिसली की आपण काय समजायचं ते समजायचं.

सरांकडं गेल्यावर घाबरू नको, परीक्षा संपलेली आहे. आता तुझे प्रश्न. सध्या लॅबमध्ये किती जण आहेत, मला कुठला प्रॉब्लेम मिळू शकतो, त्याचं प्रोजेक्ट मंजूर आहे की व्हायचंय, आणि गाईड इंटरव्ह्यूतच ठरलाय की कोर्सवर्कनंतर, म्हणजे सुरुवातीचे वर्ग झाल्यावर ठरणार, कारण हे डिपार्टमेंटवार बदलतं आणि ज्या सरांसाठी जायचं तेच मिळाले नाहीत तर सगळंच मुसळ केरात. रिटायरमेंट कधी हेही आडून विचारायचं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत नोकरीची तीन वर्षंही उरली नसतील तर गाईडनं नवीन विद्यार्थी घ्यायचा नाही असं आहे, पण आयआयटी-आयआयएससीचे नियम त्यांचे त्यांचे असतात, म्हणून विचारलेलं बरं.

मग लॅब. इथं घाई करू नको. फ्यूम हूड, म्हणजे रिॲक्शनच्या वाफा ओढून घेणारी कपाटं, किती आणि माणसं किती ते बघ, एका हूडवर तिघं-तिघं असले तर तुझी रिॲक्शन रात्रीच लागणार. एनएमआरच्या, म्हणजे रेणूची रचना तपासायच्या मशीनच्या बुकिंगचं विचार, सॅम्पल दिल्यावर स्पेक्ट्रा (त्याचा रिपोर्ट) त्याच दिवशी मिळतो की आठवड्यानं. कचऱ्याच्या सॉल्व्हेंटच्या बाटल्यांवर लेबल हाय काय, गॉगल माणसांच्या डोळ्यांवर हायत की खिळ्याला लटकायलेत. अशा बारक्या गोष्टींवरून ते घर कसं चालतंय कळतं, वेबसाइटवर हे कुणी टाकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर नसताना विद्यार्थ्यांबरोबर चहाला जा. चौथ्या-पाचव्या वर्षाचे असतील ते शोध, पहिल्या वर्षातल्यांना अजून सगळं छानच वाटत असतं. पीएचडी साधारण किती वर्षांत होते, मध्येच सोडून कुणी गेलं काय आणि का गेलं, रविवारी यावं लागतं काय, पेपरवर नाव कुणाचं आधी, दिवाळी-गणपतीला गावी जायला सुट्टी मिळते काय, हे सगळं बिनधास्त विचारायचं. पैशाचंही लाजू नको. जेआरएफचे २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहेत आणि दोन वर्षांनी रिव्ह्यू होऊन एसआरएफ (सीनियर फेलो) झालं की ४२,०००, पण आकडा सगळीकडं तोच असला तरी पैसे खात्यावर दर महिन्याला येतात की तीन-चार महिन्यांनी एकदम, हे तिथल्या पोरांनाच माहीत. हॉस्टेल लगेच मिळतं काय तेही विचार, मुंबईत बाहेर खोली घ्यायची झाली तर त्या ३७,००० चं काय होतं ते तुला सांगायला नको. कुणी बोलताना इकडंतिकडं बघायला लागलं, विषय बदलला, तर जोर देऊ नको, नंबर घेऊन ये आणि संध्याकाळी फोन कर.

कुंदा घे, जरूर घे, पण सरांना नको गे. त्यांना अवघडल्यासारखं होईल आणि तुलाही. अर्धा किलोचा डबा लॅबमधल्या पोरांसमोर उघड, मग बघ कशी बोलायला लागतात ती.

पप्पा बरोबर येतो म्हणाले तर येऊ देत, त्यात कमीपणा नाही, हॉस्टेल-मेस त्यांनी बघितलं की घरचा निम्मा प्रश्न सुटतो. फक्त सरांच्या केबिनमध्ये त्यांना नेऊ नको, कँटीनला बसव. भाषेची काळजी तू लिहिली नाहीस, पण असणार. लॅबमध्ये सगळे मोडकं-तोडकं इंग्लिशच बोलतात आणि बेंगळूरला बाहेर पडलं की तुझं खानापुरी कन्नड उलट कामाला येईल. आणि ठरलं की जिथं जाणार नाहीस तिथंही दोन ओळींचा मेल टाक, वेटिंगवर कुणीतरी डोळे लावून बसलेलं असतंय.

आता मावसभावाचं. तो म्हणतो ते अर्धं खरं. अमेरिकेत पीएचडीला सिलेक्ट झालेल्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-तीन दिवस बोलावतात, राहणं-खाणं डिपार्टमेंटचं, प्रवासाचेही पैसे देतात पण त्याला बहुतेक ठिकाणी मर्यादा असते आणि ती तिथल्या तिथं विमानानं येणाऱ्यांच्या हिशोबाची असते, निपाणीहून जाणाऱ्याच्या नाही. शिवाय त्या दोन दिवसांसाठी वेगळा व्हिजिटर व्हिसा काढत बसायचं, आणि शिकायला जाताना एफ-१ या स्टुडंट व्हिसाचं परत पहिल्यापासून. त्यापेक्षा त्यानं डिपार्टमेंटच्या कोऑर्डिनेटरला लिहावं की मी भारतात आहे, ऑनलाइन भेटी घालून द्याल काय. बहुतेक घालून देतात. त्यातही विद्यार्थ्यांबरोबरचा कॉल प्राध्यापकांशिवाय वेगळा मागून घ्यायचा, वर तुला सांगितलेले प्रश्न त्यालाही लागू. आणि स्कॉलरशिप किंवा असिस्टंटशिपसह ऑफर आली तर लगेच हो म्हणायची घाई नको. तिथल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी एका ठरावावर सह्या केल्यात, त्याप्रमाणे अशा ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. आपली युनिव्हर्सिटी त्या यादीत हाय काय हे कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या साइटवर बघायला सांग त्याला.