विमानप्रवासात बॅग हरवली तर काय करावं? आणि सामान सुरक्षित राहावं म्हणून कोणतं कुलूप घ्यावं?

कुलुपाचं नंतर बघू. पहिला प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण आमच्या घरात तो वाद अजून मिटलेला नाही.

पट्टा थांबला, लोक ट्रॉल्या ढकलत निघून गेले आणि आमच्या दोन बॅगा आल्याच नाहीत. एक माझी, एक माझ्या दिरांची. तिकीट एकच, पण विमानं दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, आणि पहिल्यालाच उशीर झाल्यामुळे मध्ये आम्हीच धावत पळत पोचलो होतो. बॅगा कशाला पोचतील? भावजी म्हणाले, "वहिनी, उद्या देतील आणून, चला." आणि ते निघालेसुद्धा. मी बॅगेज काउंटरच्या रांगेत लागले.

काउंटरवरच्या मुलाने ठरलेलं उत्तर दिलं, "तुम्ही ज्या कंपनीच्या विमानाने निघालात, त्यांना विचारा." हे ऐकून परत फिरायचं नाही. प्रवास एका तिकिटावर असेल तर तक्रार शेवटच्या विमानाची कंपनी नोंदवून घेते, तसा रिवाजच आहे. शिवाय आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार भरपाईसाठी पहिल्या कंपनीला, शेवटच्या कंपनीला किंवा जिच्या ताब्यात असताना बॅग गेली तिला, कोणालाही धरता येतं. मी म्हटलं, पीआयआर केल्याशिवाय इथून हलणार नाही. आवाज चढवला. काही ठिकाणी तो चढवावाच लागतो.

पीआयआर म्हणजे तुमची बॅग आली नाही याची कंपनीने केलेली नोंद. तिचा नंबर हातात घ्या: आधी विमानतळाची तीन अक्षरं, मग कंपनीची दोन, मग पाच आकडे. हाच नंबर वर्ल्डट्रेसरमध्ये, म्हणजे हरवलेल्या बॅगा शोधायच्या संगणक यंत्रणेत, जातो आणि बॅगेचा माग त्यावरूनच लागतो. बोर्डिंग पासला चिकटवलेली टॅगची चिठ्ठी लोक सर्रास फेकून देतात. तिच्यावरच्या दहा आकड्यांशिवाय तुमची काळी बॅग ही इतर काळ्या बॅगांपैकी एक, बस.

दरम्यान गरजेपुरते कपडे, ब्रश, साबण घेतले आणि प्रत्येक बिल जपून ठेवलं. बॅग आली ती चाक मोडून. त्याच संध्याकाळी फोटोसकट ईमेल टाकला. मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. एकवीस दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. दुरुस्तीचे आणि कपड्यांचे पैसे मला मिळाले. भावजी फोनवर फोन करत राहिले आणि पलीकडून "तुमची नोंद दिसत नाही" हेच ऐकत राहिले. त्यांची बॅग उशिरा आली, तिचं हँडल उखडलेलं होतं. "जाऊ दे" म्हणून ठेवून दिली आणि मुदत उलटल्यावर त्यांना तक्रार सुचली. अर्थातच काही मिळालं नाही. अजूनही चारचौघांत सांगतात, वहिनींना भांडता येतं म्हणून त्यांना पैसे मिळाले. भांडून मला फक्त नंबर मिळाला, भावजी. पैसे बिलांवर मिळाले.

किती मिळतात? २८ डिसेंबर २०२४ पासून कमाल मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक, त्याचा भाव रोज बदलतो. ही रक्कम सरसकट हातात पडत नाही, नुकसान दाखवावं लागतं. म्हणून बॅग बंद करण्याआधी उघड्या बॅगेचा एक फोटो काढा. आत, सगळ्यांत वर, नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा, कारण बाहेरचा टॅग तुटला तर बॅग उघडूनच बघतात. मागच्या प्रवासाचे टॅग फाडून टाका. दागिने, औषधं, कागदपत्रं, लॅपटॉप चेक-इन बॅगेत टाकणाऱ्यांना काय म्हणावं मला कळत नाही. पॉवर बँक तर तिथे चालतच नाही.

हे सगळं आंतरराष्ट्रीय प्रवासाबद्दल आहे, हे आधी सांगायला हवं होतं. देशांतर्गत विमानांना त्या त्या देशाचे नियम लागतात आणि मर्यादा वेगळी असू शकते. दोन्ही विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर वरचं शेवटच्या कंपनीचं गणितही बिघडतं.

राहिलं कुलूप. भावजींनी त्यानंतर महागडं टीएसएचं कुलूप घेतलं, म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेला मास्टर किल्लीने उघडता येतं ते. त्याच्या मास्टर किल्ल्यांचे फोटो कधीच फुटलेत आणि २०१५ मध्ये लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर चालणाऱ्या किल्ल्या बनवल्या. शिवाय साध्या चेनमध्ये बॉलपेन घुसवलं की ती उघडते आणि सरकपट्टी फिरवली की पुन्हा बंदही होते, कुलूप जागच्या जागी. तेव्हा कुठलंही स्वस्तातलं घ्या, चेन आपोआप उघडू नये एवढंच त्याचं काम. उरलेल्या पैशांत बॅगेत टाकायला ट्रॅकर येतो. मात्र बॅग कुठे आहे हे तो तुम्हाला दाखवेल, पीआयआर तरीही करावाच लागेल.