स्कॉटिश सहकारी मला 'थ्रॉन' म्हणाली. याचा अर्थ काय, मी राग मानावा का?

हेकट, आडमुठं. राग मानू नका.

मी अ‍ॅबरडीनला अकरा वर्षं काढली. शेजारच्या आजींचा जन्म पीटरहेडच्या मासळीच्या कारखान्यात गेलेला. एका जानेवारीत दारातला बर्फ मी एकटीच फावड्याने ओढत होते. कंबर धरलेली, तरी आजी दोनदा मदतीला आल्या आणि दोन्ही वेळा मी नको म्हटलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "यर अ थ्रॉन बिझम!" बिझम म्हणजे खराटा. बाईमाणसाला रागाने म्हणतात, मायेनेही म्हणतात. मला ते लागलं. तोंड बघून त्यांनी मला परसात नेलं आणि फाटकाची फळी दाखवली. भिजून, वाळून तिला असा पीळ बसला होता की कडी लागेना. म्हणाल्या, हीसुद्धा थ्रॉन.

मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला 'थ्रावान', म्हणजे पिळणे. इंग्रजीतला 'थ्रो' त्याचाच, पण तिकडे अर्थ फेकण्याकडे सरकला. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत पीळ राहिला. कोंबडीची मान अजून 'थ्रॉ' करतात. स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८१ च्या 'थ्रॉन जॅनेट' कथेतल्या बाईची मानच वाकडी आहे. आधी लाकूड आणि मान वाकडी, मग स्वभाव. सुंभ जळाला तरी न जाणारा आपला पीळ तो हाच.

माझे दीर म्हणतात, स्कॉट्स म्हणजे गावंढळ इंग्रजी. साफ चूक. जॉन जेमिसनने १८०८ साली तिचा दोन खंडांचा कोश छापला. स्कॉटलंडच्या २०११ च्या जनगणनेत १५ लाखांवर लोकांनी आम्ही स्कॉट्स बोलतो असं लिहून दिलं. याच दिरांनी लग्नानंतर भर पंगतीत माझ्या मालवणीला अशुद्ध मराठी म्हटलं होतं. पुढे कित्येक वर्षं आईचा फोन आला की मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून बोलायचे. आजींनी बर्फात उभं राहून मला त्यांच्या बोलीतलं नाव ठेवलं, त्या रात्री मी आईशी हॉलमध्ये, सगळ्यांसमोर बोलले.

तुमच्या सहकारीला तिच्या बोलीतले आणखी शब्द विचारा, वहीत लिहा. कुणी मराठी माणूस त्या बोलीला मोडकं इंग्रजी म्हणाला तर ऐकून घेऊ नका.

मात्र तिने चारचौघांत, कपाळाला आठ्या घालून म्हटलं असेल तर ती तुमच्याबद्दलची तक्रारच आहे.