डोझरची चेन आणि काळी माती: वाचकांचे प्रश्न

पाऊस उघडला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर रिमोटवर चालणारी डोझरची मॉडेलं येऊ लागतात आणि तक्रार एकच असते, "मोटर गेली." उघडून पाहावं तर मोटर ठणठणीत आणि चेनमध्ये मळ्यातली माती ठासलेली. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र देतो.

लोखंडी चेनचा १:१४ (खऱ्याच्या चौदाव्या हिश्शाएवढा) डोझर नळाखाली धुतला तर चालेल का? (गंगापूर रोड)

नाही. पाण्याबरोबर बारीक माती रोलरच्या (चेनला आधार देणाऱ्या छोट्या चाकांच्या) बेअरिंगमध्ये शिरते आणि तिथेच राहते.

शोकेसमधल्या १:५० मॉडेलच्या चेनमध्ये धूळ बसते. काय करू? (इंदिरानगर)

रंगकामाचा मऊ ब्रश वापरा, आणि काचेचं झाकण ठेवा.

द्राक्षबागेच्या कडेला चालवतो. अर्ध्या तासात चेन ताठ होते, कडकडते. मित्र म्हणतो, ताठ झाली की ढिली करत जा. (निफाड)

मित्राचं ऐकू नका. चेन आखडलेली नाही, तिच्याखालचं स्प्रॉकेट, म्हणजे तिला ओढणारं दातेरी चाक, मातीने जाड झालं आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. ती स्प्रॉकेटच्या दोन दातांमधल्या खोबणीत बसते आणि प्रत्येक फेऱ्यात चेनचा बुश (सांध्यातली नळी) तिच्यावर धुम्मस मारावी तसा आदळतो. खोबणीत काळ्या साबणाच्या चिपेसारखी चकाकणारी माती दिसली, तर ती अशी ठोकून बसलेली आहे असं समजा.

हिशेब करून पाहा. चेन स्प्रॉकेटला साधारण अर्धा वेढा घालते. खोबणीत १ मिलिमीटर थर बसला तर त्या वेढ्याला सुमारे ३ मिलिमीटर जास्त लांबी लागते. चेन लोखंडाची, ती वाढणार कुठून? मग आयडलरची (चेन ताणून धरणाऱ्या चाकाची) स्प्रिंग दबते, बुश दातावर चढतो, मोटर जास्त करंट ओढते आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) तापतो. अशा वेळी चेन ढिली केलीत, तर माती निघाल्यावर तीच चेन वळणावर उतरते. म्हणून आधी माती काढा, मग ताण तपासा. दोन रोलरांमधली वरची चेन बोटाने दाबली की थोडी लवली पाहिजे. किती, ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहा. पुस्तिका नसेल तर ताणाच्या स्क्रूला हात न लावता डोझर दाखवायला आणा.

आणखी दोन गोष्टी पाहा. खऱ्या डोझरच्या चेनप्लेटला (जमिनीवर टेकणाऱ्या पट्टीला) चिखलाच्या कामासाठी मधोमध भोक ठेवतात. दाताने दाबलेली माती त्यातून बाहेर पडते. बऱ्याच मॉडेलांत ते भोक नसतं, किंवा नुसता खड्डा असतो, आरपार नसतो. घरी ड्रिल मारू नका, प्लेट तडकते. एक प्लेट घेऊन या, जाडी पाहून सांगतो. दुसरं, रोलरच्या बाजूला लांब गार्ड असेल तर तो दगडात उपयोगी, पण चिखलात माती आत कोंडतो. स्क्रूने बसवलेला असेल तर पावसाळ्यात काढून ठेवा.

आणि जमीनच बदला ना! चाळलेला कोरडा मुरूम पसरा. काळ्या मातीसारखा तो चिकटून बसत नाही.

दुकानदाराने चिखल न चिकटणारा स्प्रे दिला. चेनला मारू का? (सिडको)

अशा बाटल्यांवर पैसे घालवू नका. तेलकट थरावर धूळ बसली की तिची घासायची पेस्ट होते आणि पिन-बुश झिजतात. चेन कोरडीच बरी. वंगण हवंच असेल तर सुकं ग्रॅफाइट, तेही कुठे लावायचं ते विचारून.

रोज साफ करायला वेळ नाही. रविवारी एकदम केलं तर? (आडगाव)

रविवारपर्यंत त्या मातीचा दगड होतो, आणि मग लोक स्क्रूड्रायव्हरने खरवडून दात खराब करतात. याचा मला खरंच राग येतो, कारण काम १० मिनिटांचं असतं. बॅटरी काढा, डोझर टॉवेलवर उलटा ठेवा. माती अर्धवट सुकली की ढेकळासारखी सुटते. आइस्क्रीमच्या काडीने खोबणी मोकळी करा, चेन हाताने सहज फिरत असेल तर पुढे सरकवत पूर्ण फेरा करा, मग कोरडा टूथब्रश फिरवा. ती हाताने फिरत नसेल तर जोर लावू नका, उघड्या भागापुरतंच साफ करा. कॉम्प्रेसरची हवा बेअरिंगच्या तोंडावर मारू नका.

त्रिकोणी चेनच्या डोझरमध्ये माती साचत नाही, हे खरं का? (पंचवटी)

कमी साचते, साचतच नाही असं नाही. कॅटरपिलरने १९७७ साली डी-१० या डोझरमध्ये स्प्रॉकेट वर उचललं आणि चेन त्रिकोणी झाली, त्यामुळे ते आणि फायनल ड्राइव्ह (त्याला फिरवणारे शेवटचे गिअर) चिखलापासून लांब गेले. खालचे रोलर मात्र मातीतच असतात. केवळ यासाठी नवं मॉडेल घेऊ नका.

सगळं साफ केलं, तरी डावी चेन मागे पडते. (सातपूर)

चालवणं आजच थांबवा. गिअरबॉक्स उघडू नका. दोन्ही चेन सुट्ट्या करून मोटरी रिकाम्या फिरवल्या की दोष मोटरचा की रोलरचा ते कळतं, पण हे जाणकारासमोर करा. डोझर, रिमोट आणि बॅटरी तिन्ही सोबत आणा. येताना चेन धुऊ नका, माती कुठे बसली आहे ते मला पाहायचं असतं.