आधी चिप, मग लस, मग तिकीट

उन्हाळा सरत आला की आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात दोन प्रकारची गर्दी असते: गोचिडवाल्यांची आणि व्हिसावाल्यांची, म्हणजे कुत्र्या-मांजरांना परदेशी नेणाऱ्यांची. या खेपेला पत्रांत दुसऱ्या प्रकारचीच मंडळी जास्त, म्हणून हे सदर त्यांच्यासाठी. गोचिडवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा, आणि तोवर कुत्र्याचे कान रोज तपासावेत.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना म्युनिकला नोकरी लागली आहे, १ ऑक्टोबरला हजर व्हायचं आहे. आमची राणी चार वर्षांची, गावठी, १८ किलोची. सोमेश्वरजवळ पिल्लू असताना सापडली होती. रेबीजची लस दरवर्षी दिली आहे, पुस्तकात शिक्के आहेत. चिप मात्र बसवलेली नाही. एजंट म्हणतो, महिन्याभरात सगळं करून देतो. तिघांची तिकिटं एकदमच काढावीत का?
– एक वाचक, इंदिरानगर

नका काढू. मिस्टरांचं काढा, तुमचं आणि राणीचं थांबवा.

तुमच्या एजंटाला कागद गोळा करता येतात, दिवस कमी करता येत नाहीत. जर्मनी युरोपीय संघात आहे आणि संघाने रेबीजचा धोका कमी मानलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांना लसीच्या जोडीला रक्ताची तपासणी लागते. तिला सगळे टायटर टेस्ट म्हणतात. क्रम असा : पहिल्यांदा पंधरा आकडी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाची) चिप, म्हणजे कातडीखाली बसवायचा ओळख क्रमांक. त्यानंतर, हवं तर त्याच दिवशी, रेबीजची लस. लसीला निदान ३० दिवस झाले की रक्त, आणि ते संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासलेलं हवं. प्रतिपिंडांचं प्रमाण ०.५ आययू प्रति मिली किंवा त्याहून वर आलं पाहिजे. आणि रक्त घेतलेल्या तारखेपासून, निकालाच्या नव्हे, तीन महिने पूर्ण झाल्यावर प्रवास.

आता तुमचा हिशोब मांडू. हा अंक हाती पडताच १० जूनला चिप आणि लस झाली, तर रक्त १० जुलैला घेता येईल. तिथून तीन महिने म्हणजे १० ऑक्टोबर. मिस्टर १ तारखेला कामावर, राणी तेव्हा इंदिरानगरात. बरं, चार वर्षं दिलेल्या लसींचं काय? चिप नसताना दिलेली लस या कामापुरती धरतच नाहीत, कारण ती याच कुत्रीला दिली याचा पुरावा त्यांच्या लेखी नाही. माझ्यासमोर यावर चिडलेली मंडळी बरीच आहेत. चिडणं रास्त आहे, पण म्युनिकच्या विमानतळावर त्याचा उपयोग नाही.

तीन महिने कशासाठी, हेही सांगते, कारण ‘रिपोर्ट चांगला आला तरी थांबायचं का’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून नसांमधून मेंदूपर्यंत पोचतो, आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. लस घ्यायच्या आधीच एखाद्या कुत्र्याला लागण झालेली असेल तर रिपोर्ट चांगला दिसूनही आजार नंतर उमटू शकतो. तो उमटायचा तर इथे उमटावा, त्यांच्या देशात नको, एवढाच त्यांचा हेतू आहे. आपल्याकडची रेबीजची परिस्थिती पाहता त्यांना दोष देणं मला जमत नाही.

तुम्ही दोघी ऑक्टोबरच्या मध्यानंतर निघा. फक्त एक काळजी घ्या : राणीचे कागद मालकीण म्हणून तुमच्या नावाने करा. घरच्या प्राण्यासाठी जो सोपा नियम आहे, त्यात मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. मिस्टरांच्या नावावर असलेली कुत्री दोन आठवड्यांनी निघाली, तर ती व्यापारी आयात समजली जाते आणि सगळे नियम बदलतात.

शेवटचं आरोग्य प्रमाणपत्र मुंबईहून घ्यायचं. केंद्र सरकारची पशु संगरोध (क्वारंटाइन) आणि प्रमाणीकरण सेवा आहे, एजंट तिला ‘एक्यूसीएस’ म्हणतात. युरोपात उतरून तपासणी होईपर्यंत हे प्रमाणपत्र १० दिवसच चालतं, म्हणून आधीच घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. ते इंग्रजीत आणि तुम्ही संघातल्या ज्या देशात पहिल्यांदा उतराल त्या देशाच्या भाषेत असावं लागतं. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर जर्मनच. पण स्वस्त मिळतं म्हणून पॅरिसमार्गे तिकीट घेतलंत तर फ्रेंच. मधल्या काळात बूस्टरची तारीख चुकवू नका. चुकली तर टायटरही बाद आणि पुन्हा पहिल्यापासून.

राहिली राणी स्वतः. १८ किलोची कुत्री केबिनमध्ये येणार नाही, ती खाली सामानाच्या कक्षात, क्रेटमधून म्हणजे प्रवासाच्या पेटीतूनच जाणार. क्रेटचं माप विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेलं आहे : नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, अधिक पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची, ती उभी असताना कानाच्या टोकापर्यंत. मेजरिंग टेप घेऊन आजच मोजा, आणि क्रेट जुलैतच घरी आणून ठेवा. दार काढून टाका. रोजचं जेवण आत द्या. नंतर दार परत बसवा, पण उघडं ठेवा; मग बंद, पाच मिनिटं; मग त्याच क्रेटमधून गाडीने इगतपुरीपर्यंत जाऊन या. सोमेश्वरच्या मोकळ्यावर वाढलेल्या जिवाला बंद पेटी हे संकट वाटतं. आपल्या गावठी कुत्र्यांची पचनशक्ती दगडाची, पण मन फार हळवं असतं, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय.

तिकडे गेल्यावर बऱ्याच ठिकाणी साखळीशिवाय हिंडणं बंद, महापालिकेकडे कुत्र्याचा कर, घरमालकाची परवानगी, आणि ट्रेनमध्ये मोठ्या कुत्र्याचं वेगळं तिकीट. हे सगळं होऊन जातं. रात्री दहानंतर भुंकणं मात्र शेजारी खपवून घेत नाहीत. गल्लीतल्या प्रत्येक रिक्षाला उत्तर देण्याची राणीची सवय असेल, तर त्यावर आत्तापासून काम करा.

प्रश्न : पर्शियन मांजर अ‍ॅमस्टरडॅमला न्यायचं आहे. फार घाबरट आहे. प्रवासाआधी झोपेची गोळी कुठली द्यावी?
– कॉलेज रोड

कुठलीच नाही. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, तोल जातो, आणि विमानात तिला काही झालं तर बघायला कोणी नसतं. त्यात पर्शियनचं नाक बसकं, म्हणजे श्वासाची मुळातच ओढाताण. म्हणून पग, शिह त्झू आणि पर्शियन यांना बऱ्याच कंपन्या खाली सामानाच्या कक्षात घेतच नाहीत. तुमची कंपनी केबिनमध्ये घेत असेल तरच जा. लुफ्तान्साची मर्यादा बॅगेसकट ८ किलोची आहे, इतरांची तपासून घ्या. आणि हार्नेस घालायची सवय लावा : सुरक्षा तपासणीत बॅग मशिनमधून जाते, मांजर तुमच्या हातात. मुंबई विमानतळावर सुटलेलं मांजर शोधणं हा अनुभव कोणालाही नको. चिप, लस, टायटर सगळं वरच्या उत्तरासारखंच.

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं सहा महिने न्यू जर्सीला जाणार आहोत. मोती तेरा वर्षांचा लॅब्रेडॉर आहे, आमच्याशिवाय जेवत नाही. लेक म्हणते, त्याला घेऊनच या. मन होत नाही सोडायला.
– एक आजी-आजोबा, पंचवटी

काकू, काका, मोतीला नेऊ नका.

नियमांचं बोलायचं तर, अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले आहेत. कुत्रा निदान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, ऑनलाइन फॉर्म हवा. शिवाय भारतासारख्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशातून, इथलीच लस घेऊन जाणाऱ्या कुत्र्याला सरकारी डॉक्टरांच्या सहीचं प्रमाणपत्र आणि टायटर लागते; टायटर नसेल तर २८ दिवस संगरोधात ठेवतात. उतरायचंही ठरावीक विमानतळांवर. न्यूयॉर्कचा जेएफके त्यात आहे, लेकीला जवळ पडणारा नेवार्क नाही. परतताना भारताची परवानगी वेगळी. हे सगळं जमवता येतं, जमवणारे आहेतही.

पण तेरा वर्षांचा लॅब्रेडॉर, गुडघे गेलेले, मूत्रपिंडं थकलेली असणार, आणि दोन्ही वेळचा मिळून तीसेक तासांहून लांब प्रवास. वर तुम्ही तिथे बाळ-बाळंतिणीत गुंतलेले. मोतीला न्यू जर्सी दिसणार नाही, पेटी दिसेल. लेकीला माझं नाव सांगा हवं तर, वाईटपणा मी घेते.

त्याला बोर्डिंगमध्येही ठेवू नका. या वयाच्या कुत्र्याला जागा बदलली की जास्त त्रास होतो, त्यामानाने माणूस बदललेलं तो पचवतो. म्हणून घर तेच ठेवा आणि घरात माणूस आणा : पुतण्या, भाची, नाशिकला शिकायला आलेला नात्यातला कोणी, ज्याला फुकट खोली मिळाली तर हवीच आहे. त्याने जायच्या महिनाभर आधी राहायला यावं. पहिल्या आठवड्यात जेवण काकूंनी वाढायचं आणि त्याने नुसतं बाजूला बसायचं. पुढे त्याने वाढायचं, काकू बाजूला. मग काकू दुसऱ्या खोलीत. मग दोन दिवस खरंच कुठेतरी जाऊन या, सप्तशृंगीला जा. जेवला तर निश्चिंत व्हा. नाही जेवला तर अजून वेळ हाताशी आहे.

निघण्याआधी रक्त आणि लघवी तपासून घ्या. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा. तुमच्या डॉक्टरांकडे लेखी संमती आणि थोडे पैसे ठेवून जा. काय करायचं, किती खर्चापर्यंत, आणि फार हाल होत असतील तर शेवटचा निर्णय कोणी घ्यायचा, तेही त्यात लिहा. हे लिहिताना हात थांबतो, ठाऊक आहे मला. पण रात्री दोनला अमेरिकेत फोन लागेपर्यंत विशीतल्या मुलाच्या अंगावर हे ओझं टाकू नये.

व्हिडिओ कॉल हवे तेवढे करा, पण मोतीला फोनसमोर बसवून हाका मारू नका. आवाज येतो आणि माणूस नाही, मग काही कुत्री दारापाशी जाऊन बसतात ती उठत नाहीत.

प्रश्न : मुलगा मेलबर्नला आहे. आमचा कुत्रा थेट पाठवता येईल का?
– नाशिक रोड

थेट नाही. ऑस्ट्रेलियाच्या मान्यताप्राप्त देशांत भारत नाही. आधी त्यांच्या यादीतल्या देशात न्यावं लागतं, तिथे राहून अटी पूर्ण कराव्या लागतात आणि टायटरच्या रक्तानंतर १८० दिवसांची वाट असते. शेवटी मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात किमान १० दिवस संगरोध. खर्च ऐकून मुलगाच सुट्टीत नाशिकला यायचं ठरवील.